परवानगीबाई

साल दोन हजार तेवीस. मला तेव्हा बहात्तरावं चालू होतं. आधार कार्डावर एकोणसत्तर लिहिलंय, पण ते लिहिणारा पोरगा माझ्या जन्माच्या वेळी हजर नव्हता. त्या साली दोन गोष्टी झाल्या. माझा धाकटा भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला, आणि आमच्या मागच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायला आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध लागेल असं मला पुष्कळ दिवस वाटलं नाही.

भावाचं आधी सांगतो. तो उरवड्याला कारखान्यात लागला तेव्हापासून तिकडंच घर करून आहे. पण शेताचा त्याचा वाटा इथं रिह्यातच, माझ्या खाचराला लागून. मधल्या बांधावर ऐनाचं झाड. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला फांद्या आणि पाला लागतो, त्याला आम्ही राब म्हणतो. त्या माघात त्यानं ऐनाच्या फांद्या राबाला तोडून नेल्या. न विचारता. मी फोन केला. म्हटलं, "इचारलं का न्हाईस?"

तो म्हणाला, "बापानं राखलेल्या झाडाला इचारायचं कुनाला?"

पुढं मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता छातीत कळ आली आणि फोनसकट खाली आलो. दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाला, चिडायचं नाही. मी म्हटलं, बरं. घरी आलो आणि धाकट्याच्या फोनची वाट बघायला लागलो. चूक त्याची, तेव्हा फोन त्यानंच करायचा. त्याचा फोन आला नाही. मी दवाखान्यात जाऊन आलो, तरी आला नाही. मग मीही केला नाही. मी माघार घेणाऱ्यातला नाही, हे रिह्याच्या खोऱ्यात कुणालाही विचारा.

माझा मुलगा बाणेरला असतो. मी दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी त्यानं मला नवा ॲन्ड्रॉइड फोन आणून दिला. जुना बटणांचा होता, तो काढून घेतला. नव्यात सगळी नावं मराठीत घालून दिली. बाकीचं सगळं इंग्रजीत. मी तिसरी शिकलो आहे. इंग्रजी येत नाही, आणि त्यावाचून माझं अडलेलंही नाही. फोनच्या काचेवर मधूनच एक चौकट येते, तिच्यात दोन बटणं असतात. मी उजवं दाबतो. प्रसाद घ्यायचा उजव्या हातात, सुपारी द्यायची उजव्या हातानं, डावा हात कशाला असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. उजवं दाबलं की चौकट निघून जाते. माझी कधी तक्रार नव्हती.

बाई आली ती मार्चात. वय असेल पंचेचाळीस. अकोल्याकडची, एकटी, हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला, पण काम घरून करायचं. खोली बघायला आली तेव्हा खोली बघितलीच नाही. हातात फोन धरून अंगणभर फिरत राहिली. पाणाड्या हातावर नारळ घेऊन विहिरीची जागा शोधत फिरतो, तशी. ओट्यावर थांबली, मान हलवली. विहिरीपाशी थांबली, मान हलवली. शेवटी गोठ्यात शिरायच्या आधी दारात थांबली आणि मला म्हणाली,

"काका, गोठ्यात जाऊ का?"

"जा की."

"आजच्यापुरतं, इथं भाड्यानं आहे तोवर, का नाहीच?"

मी आयुष्यात पुष्कळ भाडेकरू बघितले. कंपनीतले, बिहारचे, एक तर रोज सकाळी बासरी वाजवणारा. पण गोठ्याचं असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "भाड्यानं हाय तवर."

"धन्यवाद," ती म्हणाली आणि आत गेली. रेंज गोठ्यातच निघाली. दोन म्हशींच्या मधोमध.

पुढं कळलं की तिची रीतच ती. कुठल्याही गोष्टीला ती तीन तोंडांनी विचारायची. आजच्यापुरतं, आहे तोवर, का नाहीच. कढीपत्ता तोडायचा तरी विचारणार, दोरीवर ओढणी वाळत घालायची तरी विचारणार. आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्या दिवशी सांगितलं, "ताई, आपलंच घर समजा." तर ही म्हणाली, "तसं समजता येत नाही नं काकू. एकेक सांगा." गावानं आठ दिवसांत तिला परवानगीबाई नाव ठेवलं. तिनं ते नाव ऐकलं तेव्हा म्हणाली, "ठेवायच्या आधी विचारायला पाहिजे होतं." रागानं नाही, नोंद केल्यासारखं.

दर महिन्याच्या एक तारखेला ती ओट्याच्या खाली उभी राहून उजळणी करायची. "काका, मार्चमध्ये कढीपत्त्याची घेतली होती, ती चालू आहे का?"

"हाय."

"विहिरीवरच्या दगडावर बसायची?"

"हाय की, बाई."

जूनमध्ये तिच्या खोलीत तारेचं इंटरनेट आलं आणि गोठ्यातलं ऑफिस सुटलं. सप्टेंबरात एक दिवस मी म्हटलं, म्हैस व्यायलीय, रेडकू बघून जा. तर गोठ्याच्या दारात थांबली. म्हणाली, "काका, मी तीन महिने आत आले नाही. न वापरलेली परवानगी आपोआप संपते. नव्यानं द्या." मी नव्यानं दिली. रेडकू तोवर उठून उभं राहिलं होतं.

बोलणं तिकडचं. काय करताय विचारलं की म्हणायची, "काम करून राहिले." आम्हाला वाटायचं, काम करायचं राहिलंय. "जेवून राहिले" म्हणाली की आमच्या मंडळी ताट वाढायला उठायच्या. पहिला महिना ती बाई दरवेळी दोनदा जेवली. नको कसं म्हणावं हे तिला समजेना, आणि एकदा जेवून झाल्यावर ही पुन्हा का जेवते हे आम्हाला.

कपाळाला ती काही लावत नसे. पण टिकल्यांची पाकिटं आणायची, आणि एकेक टिकली फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची, एक पुढं, एक मागं. मंडळी मला म्हणाल्या, "कपाळ मोकळं आन् फोनला कुकू." एकदा तर मंडळींनी तिला स्पष्टच विचारलं. ती म्हणाली, "काकू, कपाळातून कुणी बघत नाही." आमच्या मंडळी घरात गेल्या आणि आरशात आपलं कुंकू बघून आल्या.

तिचं काम असं. तिच्या कंपनीनं देशभरच्या साहेबलोकांना फोन दिलेले. साहेब फोन रिक्षात विसरायचे, हॉटेलात विसरायचे. की मग ही इथून, आमच्या गोठ्यात बसून, दिल्लीतला फोन वाजवायची, त्याला कुलूप घालायची, कुठल्या गल्लीत आहे ते सांगायची. अगदीच गेला म्हटला तर आतलं सगळं पुसून टाकायची. पुसायच्या आधी ती मांडीवरचा कॉम्प्युटर बाजूला ठेवून उभी राहायची आणि हात जोडायची. मी विचारलं, देवाला का? म्हणाली, "नाही. त्याच्यात कुणाच्या तरी पोरांचे फोटो असतात."

एकदा एक साहेब तिच्यावर फोनवर ओरडत होता. मी वैरण टाकत होतो, ऐकत होतो. तो म्हणे मी अमुक आहे, माझा फोन आत्ताच्या आत्ता उघडून दे. ही शांत. "ओळख पटवा."

"अरे, मी साहेब बोलतोय!"

"चोरही असाच बोलतो, सर. उलट तो जरा जास्त साहेबासारखा बोलतो."

तेवढ्यात म्हशीनं मुताची धार सोडली. धो धो आवाज. पलीकडून तो विचारतोय, हे काय आहे? ही म्हणाली, "पाणी येऊन राहिलं, सर. तुम्ही ओळख सांगा." शेवटी त्यानं ओळख सांगितली. तेव्हाच तिनं उघडून दिला.

गावाला तिचं काम समजलं तसं लोक येऊ लागले. शेजारच्याची म्हैस दर चार दिवसांनी दावं तोडून जायची. तो येऊन म्हणाला, "बाई, तुमी फोन शोधता, म्हस शोधा." दुसरी कुणी असती तर हसली असती. हिनं जुना फोन काढला, प्लॅस्टिकच्या डब्यात घातला, डबा म्हशीच्या गळ्यात बांधायला दोरी घेतली, आणि अडली. "हिची परवानगी कशी घ्यायची?"

शेजारी म्हणाला, "म्हशीची?"

"गळा तिचा आहे नं."

मग तिनं पेंड हातात धरली. म्हशीनं मान खाली घातली, ते तिनं होकार म्हणून धरलं. तिसऱ्या दिवशी म्हैस पळाली. बाईनं काचेवर बघून सांगितलं, धरणाकडच्या रस्त्याला आहे, एका रिसॉर्टात. शेजारी मोटारसायकलवर निघाला. ही इथून त्या डब्यातला फोन वाजवत राहिली. तो पोचला तेव्हा म्हैस पोहण्याच्या तलावात गळ्यापर्यंत उभी, गळ्यात फोन वाजतोय, आणि पुण्याची दहा-बारा माणसं काठावरून फोटो काढतायत. शेजाऱ्यानं विचारलं, हिला हाकललं का नाही? तिथला माणूस म्हणाला, "आम्हाला वाटलं, कुणाचा तरी फोन येतोय, घेईल आणि जाईल."

आणि ती वाचायची. आमच्यात लग्नपत्रिका आली की वरचा गणपती आणि खालची तारीख एवढंच बघतात. ही पहिल्या ओळीपासून किलबिलाटापर्यंत वाचायची, मग म्हणायची, "येते." चहापत्तीच्या पुड्यावरचंसुद्धा वाचायची. मला एकदा म्हणाली, "काका, तुम्ही फोनवर फार लवकर हो म्हणता."

मी म्हटलं, "आमी दिलदार मानसं."

"वाचता तरी का?"

"चष्मा घरात ऱ्हायलाय."

मला चष्मा नाही. कधीच नव्हता. तिला ते माहीत होतं, कारण ती घरातच उभी होती. पण ती पुढं काही बोलली नाही. तिच्यात हा एक गुण होता, बंद दार तिला लगेच ओळखू यायचं.

माझ्या फोनला कुलूप नाही हे बघून तिला दोन दिवस झोप लागली नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्या घराला दिवसा कडी नसते. ती म्हणाली, "घरात शिरलेला दिसतो, काका. फोनमध्ये शिरलेला दिसत नाही." शेवटी तिच्या समाधानासाठी मी कुलूप घातलं. नऊ ठिपके असतात, त्यांच्यावरून बोट फिरवायचं. मी बोट फिरवताना ती पाठ करून उभी राहिली. आणि मी मोठ्यानं सांगितलं, "आमच्या बांधासारखं काढलंय. सरळ खाली, आन् ऐनापाशी वाकडं."

"सांगायचं नसतं!" ती पाठमोरीच ओरडली. त्या बाईला मी ओरडताना दोनदा ऐकलं, त्यातलं हे पहिलं.

पुढच्या वर्षी कंपनीनं तिला बंगळूरला बोलावलं. जाताना तिनं घरभाड्यापेक्षा परवानग्यांचा निरोप जास्त वेळ घेतला. कढीपत्त्यापाशी गेली, म्हणाली, "परत केली." विहिरीवरच्या दगडापाशी, दोरीपाशी, गोठ्याच्या दारात. शेवटी ओट्याखाली उभी राहून मला म्हणाली, "काका, एक राहिली. एकदा मी न विचारता आत आले होते."

मी म्हटलं, "ती असू द्या तुमच्याकडं."

ती कुठली, तेच आता सांगतो.

माझा फोन दर रविवारी अकरा वाजता जागा व्हायचा. चौकट यायची, मी उजवं दाबायचो, आणि मग काच आपोआप हलायची. एक पान जायचं, दुसरं यायचं, आत कुठं कुठं उघडायचं, बंद व्हायचं. पाच-दहा मिनिटं. कधी अक्षरं मोठी व्हायची, कधी घंटी बदललेली असायची. मला वाटायचं, रविवार आहे, फोनची आंघोळ चाललीय. मी तो ओट्यावर ठेवून तंबाखू मळायचो. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला येत नाही असं झालं असतं.

त्याच साली भात पोटरीला आलं होतं, कणसं अजून पानात होती, त्या दिवसांतली गोष्ट. असाच रविवार. मी तंबाखू मळतोय, फोन शेजारी हलतोय. बाई कढीपत्त्यापाशी होती. तिनं बघितलं. आणि ती बाई, जिनं गोठ्याला, दोरीला, म्हशीच्या गळ्याला परवानगी मागितली, ती चप्पल घालून धावत ओट्यावर आली, कोपऱ्यातली शेणाची पाटी उचलली आणि फोनवर पालथी घातली.

"काका! तुमच्या फोनात कुणी तरी आहे!"

हे ओरडणं दुसरं.

मग तिच्या ध्यानात आलं ती कुठं उभी आहे. पायांकडं बघितलं. खाली उतरली, चप्पल काढली, आणि अंगणातून म्हणाली, "माफ करा. वर येऊ का? आजच्यापुरतं?"

"या की आता."

"पाटी उचलू? फोन बघू?"

"बगा. कायमचं बगा."

"कायमचं मी घेत नाही, काका."

तिनं पाटी उचलली. फोनचा वास येत होता. तिनं ओढणीनं पुसला, दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि माझ्यासमोर धरला. "हे लांबून फोन चालवायचं ॲप आहे. तुम्ही उजवं बटण दाबलं की पलीकडचा माणूस आत येतो. तुमचा फोन तो बघतो, तोच चालवतो. कोण आहे त्याचं नाव इथं आहे. सांगू का?"

"सांगा."

"तुमचा मुलगा."

मागं उंबऱ्यात आमच्या मंडळी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर, भाडेकरणीसमोर, माझ्या फोनात माझा मुलगा न सांगता शिरतो हे मला नवीन आहे, असं मी म्हणायचं? मी तंबाखू तोंडात टाकली. म्हटलं, "मंग? मीच सांगितलंया त्याला."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग फोन ओट्यावर ठेवला, पाटी कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"मालकानं दिली असेल तर मग माझं काम संपलं," म्हणाली आणि खोलीत गेली.

तो आठवडा मला चांगला गेला नाही. फोन खिशात ठेवला तर कुणी तरी खिशात आहे असं वाटायचं. एक तारीख मध्ये आली, बाईनं उजळणी केली, कढीपत्ता, दगड, दोरी. फोनचं नाव काढलं नाही. मी दिली म्हटलं होतं ना.

गुरुवारी मीच तिच्या दारात गेलो. ती म्हणाली, "आत या नं काका."

"न्हाई, हितंच बरा." मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. "ह्यो फोन मराठीत व्हतो का?"

"होतो."

"चष्मा घावंना, म्हून म्हनलं."

"अक्षरंही मोठी करते. मग चष्मा नाही लागणार." तिनं तेवढंच केलं. मग म्हणाली, "काका, रविवारच्या आधी एक यादी बघून घ्या. मी वाचणार नाही, ती तुमच्या घरातली आहे. कुठं आहे ते दाखवीन."

रविवारी साडेदहाला ती ओट्याखाली आली, परवानगी घेतली, वर आली. फोनवाल्या खुणेपाशी बोट नेलं, आतल्या एका दाराशी थांबली आणि म्हणाली, "पुढचं तुम्ही दाबा." आणि पाठ करून उभी राहिली.

मी दाबलं. वर मराठीत लिहिलं होतं. मी जुळवत वाचलं. बंद केलेले नंबर. त्याखाली दोनच नावं. पहिलं वाचलं. धा. क. टा. दुसरं त्याच्या बायकोचं, धाकटी. तिच्याशी मी कधी भांडलो नव्हतो.

खाली आणखी एक पान होतं, त्यांनी केलेल्या फोनांचं, जे माझ्यापर्यंत आलेच नाहीत त्यांचं. धाकटा. धाकटा. धाकटा. मी अंगठा वर सरकवत गेलो, नाव संपेना. मध्ये धाकटी, मग पुन्हा धाकटा. मी दवाखान्यातून आलो त्या दिवशी पाच वेळा. सगळ्यात वरचा त्या रविवारचाच, सकाळी साडेसातचा. तिसरीत गुरुजींनी मला इतक्या वेळा एक शब्द गिरवायला लावला नव्हता.

बाई पाठमोरीच म्हणाली, "वाचून झालं?"

"चाललंय," मी म्हटलं.

अकराला चौकट आली. आता ती मराठीत होती. उजवीकडं, आता सुरू करा. डावीकडं, रद्द करा. बाई आता वळली होती, पण हात मागं बांधून. मी म्हटलं, "तुमीच दाबा."

"माझा फोन नाही."

उजवा अंगठा आपोआप उजवीकडं निघाला, सवयच तशी. मी तो मुठीत धरला. फोन उजव्या हातात घेतला आणि डाव्या अंगठ्यानं डावं दाबलं. डाव्या हातानं मी आयुष्यात कुणाला काही दिलं नव्हतं. चौकट गेली. पुन्हा आली. पुन्हा डावं. मग बाईनं ते ॲप कसं काढायचं ते सांगितलं, आणि तेही मीच काढलं. दोन्ही नंबरांवरची बंदी उठवली.

मग मुलाचा साधा फोन आला. "आबा, तुमच्या फोनला काही झालंय का? मला आत जाता येत नाहीये."

"कुनाच्या आत?"

तो म्हणाला, "म्हणजे... खराब झालाय का?"

"न्हाई. सुधारलाय."

"आबा, डॉक्टर म्हणाले होते की काकाशी तुमचं—"

"तुला यायचं आसंल तर रस्त्यानं ये. दार उगडंच आसतंय," मी म्हटलं आणि ठेवला.

मंडळी उंबऱ्यातच होत्या. पदर तोंडाशी. मी काही विचारायच्या आधी म्हणाल्या, "मीच सांगितलं व्हतं पोराला. तुमी पडला व्हता. पुन्यांदा भांडला आस्ता तर काय केलं आस्तं मी?"

"मंग मला इचारलं का न्हाईस?"

"इचारलं आस्तं तर व्हय म्हनला आस्ता का?"

इचारलं का न्हाईस, हेच मी माघात फोनवर ओरडलो होतो, त्याच्यापायीच पडलो होतो, आणि त्याचं उत्तर आता माझ्याच घरातून आलं होतं. बाई खाली उतरून चप्पल घालत होती. मला म्हणाली, "भावाला फोन लावून देऊ का?"

"नको."

"का?"

"भांडन फोनवर झालं. आन् एवड्या येळा फोन केलेल्या मानसाला आता फोनच करायचा?"

तिनं मान हलवली. पटलं असावं. कढीपत्त्याची दोन पानं तोडली, आधी विचारून, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं निघालो. फोन घरीच ठेवला. पिरंगुटला उतरून दुसरी गाडी धरली, उरवड्याला पोचलो तेव्हा कारखान्यांची सकाळची पाळी आत चालली होती. धाकटा दारात बसून दाढी करत होता, आरसा खिडकीला टेकवलेला. आरशातनंच त्यानं मला बघितलं. वळला नाही. अर्ध्या गालाला साबण तसाच.

मी उंबऱ्यापाशी थांबलो. ओरडायचं ठरवून गेलो नव्हतो, रडायचंही नव्हतं. काय म्हणायचं ते गाडीत ठरवलं होतं, ते आठवेना. तोंडातून निघालं ते असं, "आत येऊ का?"

वस्तरा थांबला. "काय?"

"आत येऊ का, म्हनलं. आजच्यापुरतं, का—"

"दादा, तुला झालंय काय?" तो आता वळला. "आट म्हयनं फोन उचलंना, आन् आता भावाच्या घरात यायला परवानगी मागतुया?"

"इचारायचं आसतं," मी म्हटलं.

साबण गालावरून हनुवटीला आला, तिथून गळ्यात उतरला. मग तो आत तोंड करून ओरडला, "आगं, च्या टाक. दादा आलाय. डोस्क्यावर परिनाम झालाय, पन आलाय." आणि मला म्हणाला, "कायमचं. ये."

मी चप्पल काढली आणि उजवा पाय आत टाकला.